मोडतोडीचा रकाना

(अंबाजोगाईतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'बालवाडीतलं लेकरू खेळातून कसं शिकतं'. वेळ दिलाय चाळीस मिनिटं. संतकवी दासोपंतांच्या गावात येऊन चाळीस मिनिटांत आवरा म्हणणं हा अन्याय आहे, त्यांना लिहायला कापडाची अख्खी पासोडी मिळाली होती. (हशा) असो. खेळताना लेकराचा हात काय शिकतो, आकडे कसे कळतात आणि मन आवरायला ते कसं शिकतं, अशा तीन गोष्टी सांगणार आहे. पण त्याआधी मला एका पेटीबद्दल बोलू द्या, नाहीतर आज झोप लागायची नाही.

मागं बसलेल्या सेविकाताई हसायला लागल्या बघा. त्यांना कळलं कोणती पेटी. बाकीच्यांसाठी सांगते. अंगणवाडीत एका बाजूला आहाराची पोती, एका बाजूला वजनकाटा आणि मध्ये एक लोखंडी पेटी असते. पेटीला कुलूप, किल्ली ताईच्या कमरेला. आत खेळण्यांचा संच. धारूरच्या घाटाकडं एका गावात मी ती पेटी उघडायला लावली, तर लाकडी ठोकळे आले त्याच प्लास्टिकमध्ये होते. प्लास्टिक पिवळं पडलेलं, ठोकळे नवे कोरे. आणि लेकरं भिंतीला टेकून ओळीनं, हाताची घडी, तोंडावर बोट. मी दिसताच सगळ्यांनी एका सुरात 'नमस्ते मॅडम' म्हटलं. ताईला विचारलं, ‘‘अहो ताई, ही खेळायला का देत नाही?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, खेळायला दिली की मोडतात.’’

आता लगेच त्या ताईला नावं ठेवू नका. ती शहाणी होती. त्याच बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडं असलेल्या गावांत, शेजारच्या गावी साठा तपासणी झाली होती. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, मणी ओवायचा संच, मणी 50. भरले 43. आलेल्या साहेबांनी खाली बसून स्वतः मोजले, दोनदा मोजले. गावात कमी वजनाची लेकरं किती, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता, मणी दोनदा मोजायला होता. मग 7 मण्यांचा लेखी खुलासा मागवला. तो खुलासा मी वाचलाय. काय मराठी होतं! ‘महोदय, एक मणी एका लाभार्थ्याच्या नाकात गेला असता डॉक्टरांनी काढला. तो परत मागणे प्रशस्त वाटले नाही.’ (हशा) ‘दोन मणी उंदराने नेल्याचा संशय आहे. उर्वरित चार मणी लाभार्थ्यांच्या घरी असण्याची शक्यता असून शोध चालू आहे.’ लाभार्थी म्हणजे कोण, तर चार वर्षांची लेकरं. नाकाचं हसण्यावारी नेऊ नका हं. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात मणी द्यायचाच नसतो. पण साहेबांचा प्रश्न नाकाचा नव्हता, मण्याचा होता. शेवटी मानधनातून वसुली झाली. रक्कम किरकोळ, पण बातमी महिन्याच्या बैठकीत सगळीकडं पोचली. त्यानंतर त्या बीटमध्ये एकही मणी हरवला नाही. हरवणार कसा? बाहेरच निघाला नाही.

बरं, वस्तू मोडली तर फेकून तरी द्यावी? तेही नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करायचा, प्रस्ताव करायचा, तीन प्रतींत. वस्तूचं नाव, खरेदीची किंमत, निरुपयोगी होण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात ताई बिचारी काय लिहिणार? ‘मुले खेळली’ असं लिहिलं तर प्रस्ताव परत येतो. ‘वापरामुळे जीर्ण’ असं लिहायचं. दुसरीकडं एका अंगणवाडीत अशीच एक बाहुली होती, एक हात गेलेली. यादीत तिच्यापुढं शेरा, ‘निरुपयोगी’. मी गेले तेव्हा मदतनीस मावशींची खिचडी चुलीवर होती आणि कोपऱ्यात दवाखाना चालू होता. पाचेक वर्षांची एक पोरगी डॉक्टर. गळ्यात सुतळी, सुतळीला बाटलीचं झाकण. बाहुलीच्या खांद्याला चिंधी बांधलेली आणि पुढ्यात चिंचोके मांडलेले, त्या गोळ्या. डॉक्टरीण म्हणाली, ‘‘ही कशावरून पडली?’’ एक पोरगा म्हणाला, ‘‘उसाच्या ट्रॅक्टरवरून.’’ ‘‘मग मुकादमाला बोलवा.’’ मुकादम आला. अंगात बनियन, पण चाल मुकादमाचीच. ‘‘पैसे भरा.’’ ‘‘उचल दिली की आधीच.’’ ‘‘ती हिच्या बापाला दिली. ही निराळी.’’ बराच वेळ घासाघीस चालली. अखेर मुकादमानं नऊ चिंचोके मोजून दिले. डॉक्टरणीनं परत मोजले, आठ भरले. नववा त्याच्या मुठीत होता.

बीड जिल्ह्यात बसून याच्यावर टीप द्यायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत येतात. लेकरानं जे पाहिलं, ऐकलं, ज्याला ते भ्यालं, ते सगळं त्या कोपऱ्यात चाललं होतं आणि त्यात आई-बापापेक्षा त्याचं जास्त चालत होतं, मुकादमालाही ते भाव करायला लावत होतं. आणि हे कशाच्या जोरावर? एका निरुपयोगी बाहुलीच्या. दोन्ही हात शाबूत असलेल्या बाहुल्या पेटीत होत्या. त्या नोंदवहीत ‘सुस्थितीत’ होत्या.

माझं म्हणणं अनेक वर्षं तेच आहे आणि बैठकांमध्ये लोक ते ऐकून घड्याळाकडं बघतात. खेळणं मोडणं हा खिचडीसारखा रोजचा खर्च धरा. खिचडी संपली म्हणून कोणी सेविकेकडून वसुली करत नाही, उरली तर विचारतात, का उरली. मग ठोकळे जसेच्या तसे उरले, तर का उरले हे कोणी का विचारत नाही?

खेळाची भीती सरकारी कागदाला आजची नाही, बरं का. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकानं 1837 साली ब्लांकेनबुर्गला लहान मुलांच्या खेळाची संस्था काढली, तेच पुढं किंडरगार्टन. त्याची साधनं काय, तर लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, नळकांडं, आणि आठ छोट्या ठोकळ्यांत सुटणारा एक मोठा ठोकळा. तर 1851 साली प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलं नास्तिक आणि समाजवादी होतील म्हणून. ठोकळ्यांनी! आणि गंमत अशी की सरकारला खुपलेलं लिखाण त्याचं नव्हतंच, त्याच्या पुतण्याचं होतं. पुतण्यानं लिहिलं, काकाला भोवलं. काका-पुतण्यांचं तुम्हाला मी काय सांगावं! (प्रचंड हशा) बंदी 1860 ला उठली. फ्रोबेल 1852 लाच गेला होता.

आपल्याकडं बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी साधनांचा प्रश्न सोडवला होता. 1926 ला नूतन बालशिक्षण संघ, 1945 ला त्या बोर्डीला गेल्या, 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंची खेळसाधनं ताराबाईंना माहीत होती, पण ती महागडी. मग शिंपले, बिया, पानं, खडे. आदिवासी लेकरं गुरांमागं जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. इथं आपल्याकडं तर कशाची कमी आहे? चिंचोके, तुरीचे दाणे, ज्वारीचे धांडे. आमच्या लहानपणी धांड्याची साल आणि आतला भेंडा घेऊन पोरं बैलगाडी करायची, चाकं फिरायची तिची. संध्याकाळपर्यंत मोडायची, उद्या दुसरी. चिंचोक्याचं निर्लेखन कोणी मागत नाही... चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. सर, हे अक्षर तुमचं आहे ना? दहा म्हणजे पाचच धरते.

तर मूळ विषय. हात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पाच-सहा वर्षांचं होईपर्यंतही सगळी पक्की झालेली नसतात. त्या मनगटाला आपण नर्सरीत पानभर अक्षरं गिरवायला लावतो आणि वर तक्रार करतो, अक्षर वळणदार नाही. पोळ्याला चिखलाचे बैल करताना लेकरू काय करतं बघा. माती मळताना खांदा आणि कोपर, गोळा वळताना तळवा, आणि शिंग ओढून काढताना अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पेन्सिल त्याच तीन बोटांत बसते. हे अजून लांबवायचं होतं, राहू द्या.

आकडे. पालक कौतुकानं सांगतात, आमचा शंभरपर्यंत म्हणतो. त्याच्यापुढं हरभऱ्याचा ढीग ठेवा आणि म्हणा, सात दे. मूठभर उचलून देईल. शंभरपर्यंत म्हणणं आणि सात म्हणजे किती हे कळणं, यात बरंच अंतर आहे. ते अंतर ताटं वाटताना तुटतं. ‘सगळ्यांना एकेक ताट ठेव बाळा.’ दोन कमी पडली, तर लेकरू स्वतः जाऊन दोन आणतं. आधी एकदा चार आणेल, मग परत ठेवेल. पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग घरी करा. सहा दाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, मग त्याच्यादेखत एक ओळ लांब पसरा. चार वर्षांचं लेकरू म्हणतं, लांब ओळीत जास्त. समजावून काही होत नाही, रागावून तर नाहीच. ते स्वतः दाणे मांडतं, पसरतं, गोळा करतं, असं फार वेळा झालं की एक दिवस तुमच्याकडं बघून म्हणतं, ‘‘सारखेच हाएत की.’’ तो मुकादम पोरगा आठ आणि नऊमधला फरक पक्का ओळखत होता. गणिताची परीक्षा झाली त्याची. नीतीची नंतर बघू. (हशा)

तिसरं, मन आवरणं. त्या दवाखान्याच्या दिवशी खिचडीचा वास घरभर सुटला होता. एरवी ही लेकरं ताटाच्या आवाजावर धावतात. पण मुकादम जागचा हलला नाही, कारण सौदा चालू असताना मुकादम उठत नाही. व्हिगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलं. मोठ्यांनी घातलेला नियम लेकरू मोडतं, पण खेळातल्या भूमिकेचा नियम ते आपणहून पाळतं. आणि काठीला घोडा म्हणताना, चिंचोक्याला गोळी म्हणताना ते एका वस्तूला दुसरा अर्थ देतं. पुढं ‘क’ या रेघोट्यांना ‘क’ हा आवाज मानायचा असतो, त्याची ही तालीम. पालकांनो, केजीतली लेखनाची वही थोडी उशिरा आली तर काही बिघडत नाही. दवाखाना बंद केला तर बिघडतं.

खेळू द्या म्हणजे ताईनं मोबाइल बघत बसायचं, असा अर्थ काढू नका. ताईचं काम अवघड आहे. लांबून बघायचं आणि बरोबर वेळी एकच वाक्य टाकायचं. ‘‘डॉक्टरबाई, औषध जेवणाआधी का नंतर?’’ बस्. तेवढ्यात आधी-नंतर, सकाळ-संध्याकाळ, सगळं निघतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळावर भर आहे. कागद चांगला आहे. तो कागद आणि डेडस्टॉकची नोंदवही यांची अजून गाठ पडलेली नाही.

दुसरी चिठ्ठी आली, आता नुसतंच ‘वेळ’ लिहिलंय. संपवते. मागणी एकच. साठा नोंदवहीत एक रकाना वाढवा, ‘या महिन्यात खेळून काय मोडले’. तपासणीला येणाऱ्यांनी आधी तो वाचावा, आणि ज्या पेटीचा रकाना वर्षभर कोरा, तिथं खुलासा मागावा. जिल्हा परिषदेतलं कोणी आलं असेल तर अर्ज मी लिहून आणलाय. तीन प्रतींत. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवते, ज्यांना सही करायची त्यांनी करा, पेन तेवढं परत द्या.