गारुडी: विषवैद्यापासून रस्त्यावरच्या खेळापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

डमरूचा आवाज गल्लीत शिरला की आम्ही पोरं हातातलं टाकून पळायचो. गारुडी आधी काठीनं जमिनीवर एक गोल रेघ ओढायचा. रेघेच्या आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. मग पोतडीची गाठ सुटायची. टोपल्यांतून साप निघायचे, मातीत पुरलेल्या आंब्याच्या कोयीतून रोप वर यायचं. सापाचा खेळ आणि जादूचा खेळ ही दोन कामं एकाच माणसाची कशी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचं उत्तर ‘गारुडी’ या शब्दातच आहे.

या शब्दात गरुड बसला आहे. गरुड सापांचा वैरी. म्हणून सापाचं विष उतरवणारा मंत्र तो गारुड मंत्र आणि तो जाणणारा तो गारुडिक. पाचूनं विष उतरतं अशी समजूत होती, तेव्हा पाचूलाही संस्कृतात ‘गारुत्मत’ असं गरुडाचंच नाव मिळालं. गारुडिक म्हणजे मुळात विषवैद्य. रात्री कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की ज्याच्या दाराशी धावत जायचं, तो माणूस.

जादूगार वेगळा होता. सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षचरितात आपल्या तरुणपणच्या सोबत्यांची नावं दिली आहेत. त्यांत मयूरक नावाचा जांगुलिक, म्हणजे विषवैद्य, आहे आणि चकोराक्ष नावाचा ऐंद्रजालिक, म्हणजे जादूगारही आहे. तिथे दोन माणसं, दोन विद्या. मराठीत मात्र दोन्ही एकाच शब्दात आल्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात गारुडी म्हणजे साप खेळवणाराही आहे आणि हातचलाखी करणाराही. मला वाटतं, हे रस्त्यानं घडवलं. औषध द्यायचं तर आधी माणसं जमवायला हवीत, आणि माणसं जमवायची तर काहीतरी नवल दाखवायला हवं. हळूहळू औषध मागे पडलं आणि नवलच पुढे राहिलं.

गारुड्याचं मोठेपण मला सर्वांत जास्त जाणवतं ते विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात. तिथला शब्द ‘आहितुण्डिक’ आहे, पण माणूस आपल्या ओळखीचा. दुसऱ्या अंकात राक्षस नावाच्या अमात्याचा हेर विराधगुप्त जीर्णविष नावाच्या गारुड्याच्या वेषात येतो. तो म्हणतो, ज्यांना तंत्र कळतं, जे मंडल नीट आखतात, जे मंत्र राखतात, त्यांनीच साप आणि राजे सांभाळावेत. तंत्र म्हणजे औषध आणि राज्यकारभारही. मंडल म्हणजे सापासाठी आखलेलं वर्तुळ आणि राजाभोवतीच्या राज्यांचं वर्तुळही. मंत्र म्हणजे सापाचा मंत्र आणि राजाची गुप्त मसलतही. संत एकनाथांच्या भारुडांतही वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्याबरोबर गारुडी येतो.

पुढे या माणसाचं काय झालं? 1959 सालच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या केली आहे. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे घेणं हेसुद्धा त्या व्याख्येत बसवलं आहे. ज्याच्या अंगी विद्या आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, असे दोघेही कायद्याच्या लेखी भिकारी. हे मला आजही सलतं. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी सापाचा खेळ बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता. त्या टोपल्यांतल्या सापांचे दात काढलेले असत, काहींची तोंडं शिवलेली असत. पुंगीवर साप डोलतो हेही खरं नाही. सापाला बाहेरचा कान नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखून तो आपलं डोकं फिरवतो. पण साप सुटले तेव्हा त्यांच्यावर पोट असलेल्या माणसांच्या हाती दुसरं काम कितीसं आलं?

‘गारुड’ हा शब्द मात्र मानानं जगतो आहे. एखाद्या गायिकेचा षड्ज लागला आणि सभागृह स्तब्ध झालं, की आपण म्हणतो, तिनं गारुड केलं. याहून मोठी दाद मराठीत मला तरी माहीत नाही. आणि विशाखदत्ताचं ते मंडल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतल्या धुळीत काठीनं ओढलेली ती गोल रेघच येते.

नमस्कार.