दार उघडं, दिवा लाल: बसमधलं मशीन तुमचं कार्ड का घेत नाही

(कॅमेऱ्यासमोर. हातात जाडजूड पाकीट.)

हे माझं पाकीट. बसमध्ये चढले की मी ते भाडं कापणाऱ्या त्या मशीनला असं टेकवते. काही होत नाही. पुन्हा टेकवते. लाल दिवा. मागून आवाज येतो, "ताई, सरका की पुढे!" मग मी पाकीट उघडून कार्ड शोधायला लागते आणि नेमकी तेव्हाच बस सुटते. एक हात दांडीला, एक पाकिटात आणि पाठीवरची सॅक कुणाच्या तरी नाकाशी.

नमस्कार मंडळी. आज बोलूया या लाल दिव्याबद्दल. जाता जाता एक जुना रागही काढून घेणार आहे, तेवढं सहन करा.

राग असा की एकदा चढताना मी फोन टॅप केला. उतरताना फोन बॅगेच्या तळाशी गेलेला आणि कार्ड वरच्या कप्प्यात होतं, म्हणून कार्ड लावलं. फोनमध्ये भरलेलं कार्ड तेच, बँक तीच, खातं तेच. रात्री दोन मेसेज आले. दोन प्रवास झाले म्हणे, आणि दोन्हींना शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं!

का? तर फोनमध्ये कार्ड भरताना तुमचा खरा कार्ड नंबर फोनमध्ये ठेवला जात नाही. त्याच्या जागी एक पर्यायी नंबर दिला जातो, म्हणजे फोन चोरीला गेला तरी खरा नंबर कुणाच्या हाती लागत नाही. कल्पना चांगलीच आहे. पण बसच्या मशीनला दिसतो तो फक्त नंबर. एक नंबर चढला आणि उतरलाच नाही. दुसरा नंबर न चढताच उतरला. जिथे अंतरावर भाडं ठरतं, तिथे उतरताना टॅप राहिला की यंत्रणा सहसा कमाल भाडं लावते. मी एकटीच होते, पण मशीनच्या लेखी आम्ही दोघी, आणि दोघीही लबाड.

आता पाकिटाकडे येऊ. (पाकीट उघडून तीन कार्डं दाखवते.) या कार्डांत बॅटरी नाही. मशीनभोवती एक चुंबकीय क्षेत्र असतं, १३.५६ मेगाहर्ट्झचं. कार्ड त्यात आलं की कार्डातल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते, चिप जागी होते आणि बोलायला लागते. अंतर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. पाकिटात तीन कार्डं असली तर तिघीही एकदम जाग्या होतात. मग मशीन एकतर "एकच कार्ड दाखवा" म्हणून अडवतं, नाहीतर हाती लागेल त्यातून पैसे घेतं. दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतं महिनाअखेरीस.

पण एवढी घाई कशाला? दुकानात कार्ड लावल्यावर दोन-तीन सेकंद थांबतोच की आपण. त्या वेळात दुकानातलं मशीन बँकेला विचारतं, पैसे आहेत का, आणि बँक हो म्हणते. आता हाच हिशेब बसमध्ये करा. एका थांब्यावर तीस माणसं चढली आणि प्रत्येकाने दोन सेकंद जास्त घेतले, तर बस एक मिनिट जास्त उभी. असे वीस थांबे धरा. म्हणून लंडनच्या यंत्रणेने स्वतःला मर्यादा घालून घेतली: टॅप केल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत निकाल लागला पाहिजे. एवढ्यात बँकेला फोन लावून उत्तर आणता येत नाही, आणि चालत्या बसला रेंजचा भरवसाही नाही.

मग ते बँकेला विचारतच नाहीत! मला सगळ्यात आवडतं ते हे. मशीन कार्डाच्या चिपला एक कोडं घालतं. चिप त्यावर जी सही करते, ती खोट्या कार्डाला जमत नाही. मग मशीन आपल्याजवळची नकोशा कार्डांची यादी बघतं. त्यात तुमचा नंबर नसेल तर हिरवा दिवा. दिवसभराचे टॅप रात्री एकत्र करून हिशेब होतो आणि पैसे नंतर कापले जातात. खात्यात पैसे नसले तर? तुमचा नंबर यादीत जातो आणि उद्या लाल दिवा. पण आजची फेरी झाली. तेवढा धोका कुणीतरी आधीच पत्करलेला असतो.

आपली निम्मी चिडचिड इथे उलगडते. मशीन हळू चालतं ते दर वेळी चिप जुनी असते म्हणून नाही. तो धोका घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून मशीन प्रत्येकाची चौकशी करत बसतं आणि आपण दारात लोंबकळतो.

दुसरा मार्ग जुना आहे: पैसे कार्डातच ठेवायचे. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ साली आलं, ते असंच. शिल्लक चिपमध्येच, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नाही. शिवाय शिल्लक थोडी कमी पडली तरी ते कार्ड एकदा उणे जाऊ देतं. अनामत घेतलेली असते ना!

पण कार्डातल्या पैशांची एक गंमत आहे. तुम्ही घरी बसून ऑनलाइन रिचार्ज करता, पैसे जातात सर्व्हरवर, आणि कार्ड तर तुमच्या खिशात. त्याला कोण सांगणार? ते जेव्हा एखाद्या मशीनला भेटेल आणि त्या मशीनला तोवर निरोप पोचलेला असेल, तेव्हाच पैसे कार्डात चढतात. बसमधल्या मशीनला असे निरोप अनेक ठिकाणी रात्री डेपोत गेल्यावरच मिळतात. म्हणून फोनवर "रिचार्ज यशस्वी" आणि बसमध्ये "शिल्लक अपुरी". दोघंही खरंच बोलतात, मान खाली फक्त आपली जाते.

मग सगळा हिशेब सर्व्हरवरच का ठेवू नये? सिंगापूरने तेच ठरवलं होतं. ९ जानेवारी २०२४ ला जाहीर केलं की जून महिन्यापासून जुनी कार्डं बंद, सगळे नव्या पद्धतीवर. पण नव्या पद्धतीत टॅप केल्यावर किती कापले आणि किती उरले हे मशीनवर दिसत नव्हतं. त्यासाठी ॲप उघडा. लोक इतके खवळले की २२ जानेवारीला निर्णय मागे घेतला गेला आणि जुनी पद्धत चालू ठेवायला आणखी चार कोटी सिंगापूर डॉलर मोजायचं ठरलं. तेरा दिवसांत! बसच्या मशीनवरचे दोन आकडे माणसाला किती हवे असतात बघा.

क्यूआर कोडबद्दल फार बोलत नाही. फोनची काच तडकलेली, बाहेर ऊन, ब्राइटनेस वाढवा, आता रेंज गेली. पैसे कापले गेले पण पावती येईना, आणि तोवर उतरायचा थांबा आला. ज्याने हे बसमध्ये आणायचं ठरवलं, त्याने सकाळच्या गर्दीत एकदा स्वतः करून बघावं.

आणि रोख? लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख चालत नाही. पण बंद करताना त्यांनी एक सोय ठेवली: प्रवासी कार्डात थोडेसे पैसे असतील पण भाड्याला पुरत नसतील, तरी एक फेरी करू द्यायची. रात्री उशिरा एकट्या उभ्या असलेल्या माणसासाठी ही एक फेरी म्हणजे घरी पोचणं किंवा न पोचणं. रोख बंद केली आणि ही सोयही ठेवली नाही, तर ज्याच्या कार्डात पैसे पुरत नाहीत त्याला सरळ रस्त्यावर सोडल्यासारखं होतं. मला ते पटत नाही.

तर उद्या बसमध्ये चढताना कार्ड पाकिटातून आधीच काढून ठेवा. टेकवून लगेच ओढू नका, दिवा लागेपर्यंत धरा. घाईत ओढलं की चिपचं बोलणं अर्धवट तुटतं. आणि ज्याने चढलात त्यानेच उतरा. फोन तर फोन, कार्ड तर कार्ड.

हो, माझ्या त्या दोन भाड्यांचं काय झालं ते राहिलंच. मी तक्रार केली आणि अकराव्या दिवशी एक भाडं परत आलं. दुसऱ्याचं विचारलं, तर उत्तर आलं की तो नंबर वेगळा आहे, त्या प्रवाशाने आपली तक्रार स्वतंत्र नोंदवावी.

(पाकीट मिटते.)

नोंदवली आहे. तिच्या वतीने मीच.