काकडीच्या चकतीतून रांगोळी: नवी नक्षी सुचते कुठून?

नमस्कार! दारात रांगोळीचा डबा घेऊन बसलं की हात आपोआप तेच कमळ, तेच स्वस्तिक काढायला लागतो. मग मोबाइल उघडायचा, कुणाची तरी नक्षी बघून उतरवायची आणि वर म्हणायचं, ‘मला काही सुचतच नाही.’ सुचतं हो. आपण वस्तू बघतो, पण मोजत नाही, तिथे अडतं. समोरच्या वस्तूत एकच आकार किती वेळा येतो ते मोजा. त्यावरून ठिपके ठरतात, आणि ठिपके ठरले की निम्मी रांगोळी झाली.

(ताटात काकडीची चकती. कॅमेरा अगदी जवळ.)

कोशिंबिरीची काकडी आहे, आडवी कापलेली. उजेडासमोर धरा. बियांचे कप्पे किती? तीन. आता तीनच्या पटीतले ठिपके कुठले? ‘७ ते ४’. मधल्या ओळीत ७, तिच्या वर-खाली ६, मग ५, मग ४, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७. बाहेरून षटकोन दिसतो, म्हणून तीन आणि सहाच्या नक्ष्या यात अलगद बसतात.

चुकतं नेमकं इथे. दोन ठिपक्यांत २ इंच ठेवतात आणि दोन ओळींतही २ इंचच ठेवतात. मग षटकोन उभट होतो आणि पाकळ्या लांबुडक्या दिसतात. ओळींमधलं अंतर पावणेदोन इंच हवं. कागदावर ठिपके १ सेंटीमीटरवर असतील, तर ओळी ९ मिलिमीटरवर.

आता चकती उतरवू. मधल्या ओळीचा मधला ठिपका आणि त्याच ओळीचा उजवा शेवटचा ठिपका, या दोघांत एक पाकळी काढा. पोटात दोन ठिपके येतात, त्या बिया. पाकळीचं पोट दोन्ही बाजूंना अर्धा इंच, त्याहून फार फुगवू नका. दुसरी पाकळी मधल्या ठिपक्यापासून सगळ्यात वरच्या ओळीच्या डाव्या टोकापर्यंत, तिसरी सगळ्यात खालच्या ओळीच्या डाव्या टोकापर्यंत. बास, तीनच. सहाही दिशांना पाकळ्या काढायचा मोह होतो, पण काढल्या की परत तेच नेहमीचं फूल. तीन ठेवल्या तर नक्षी गरगर फिरल्यासारखी वाटते.

दोन पाकळ्यांच्या मध्ये नऊ ठिपके उरतात. त्यातले पाच काठावरचे, चार आतले. आतल्या चारांपैकी मध्याच्या सगळ्यात जवळचा धरा आणि त्याच्यापासून बाकी तिघांना रेष ओढा. चिमणीच्या पावलासारखा आकार येतो. तिन्ही जागी तसंच. शेवटी काठावरचे अठराच्या अठरा ठिपके जोडले की झाली काकडीची साल. बघणाऱ्याला काकडी ओळखू येणार नाही, आणि यायलाही नको. पण ही नक्षी शेजारच्या दारातही नसेल.

आता भेंडी. आडवी कापली की बहुतेक भेंड्यांत पाच कप्पे दिसतात. जास्वंदीच्या पाकळ्या पाच, सफरचंद आडवं कापलं तर आतली चांदणी पाच टोकांची. हे पाच ‘७ ते ४’मध्ये बसवायला गेलात तर हमखास फसतं, कारण या ठिपक्यांत दिशा ६० अंशांवर आहेत आणि पाचाला ७२ लागतात. एक पाकळी तरी चेपली जातेच. म्हणून पाच आलं की ठिपके सोडायचे. मधोमध बोट टेकवून ६ इंच दोरीने वर्तुळ काढा आणि त्यावर पट्टीने सरळ ७-७ इंचांवर पाच खुणा करा. शेवटचं अंतर पाव इंच जास्त भरतं, तेवढं हातानं जिरवायचं.

खिडकीची जाळी, चटईची वीण, जुन्या घरातली फरशी यांत बहुधा चार येतात. त्यांना सरळ रांगांचे चौकोनी ठिपके, ७ ते ७ पुरेत.

घरातल्या वस्तू रांगोळीत आणणं आपल्याकडे जुनंच आहे म्हणा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काढतात ते चैत्रांगण आठवा: फणी, करंडा, आरसा, पाळणा, तुळशीवृंदावन. डोळ्यांसमोर होतं तेच अंगणात उतरलं.

सकाळी वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. म्हणून सुचणं आणि काढणं एकाच वेळी करू नका. भाजी चिरताना दिसलं की वहीत आकडा आणि अंगठ्याएवढं चित्र, दोन मिनिटांचं काम. आणि ठिपक्यांचा कागद घरीच करून ठेवा. वर्तमानपत्राच्या पानावर ‘७ ते ४’च्या खुणा करायच्या, पान सैलसर धरायचं आणि पेटत्या उदबत्तीनं प्रत्येक खुणेला भोक पाडायचं. सुईचं भोक मिटून जातं, उदबत्तीच्या भोकाच्या कडा जळलेल्या असल्यामुळे ते उघडं राहतं. पंखा बंद, पडदे लांब आणि हाताशी ओलं फडकं, हे विसरू नका. सकाळी कागद अंथरा, वर मूठभर रांगोळी टाकून हात फिरवा आणि कागद सरळ वर उचला. आडवा ओढलात की ठिपके फरफटतात.

पावसाळ्यात रांगोळी दमट होऊन गोळे धरते. मग चिमटीतून एकसारखी सुटत नाही, रेष तुटते आणि आपण हाताला दोष देतो. उन्हात किंवा कोरड्या तव्यावर सुकवा आणि चाळून घ्या.

उद्या दोडका आणा. बाहेरच्या शिरा मोजा, दहा भरतील. मग आडवा कापा, आत कप्पे तीन. आतला भाग ‘७ ते ४’वर काढा, काठावरचे अठरा ठिपके मात्र जोडू नका. त्याऐवजी भोवती दोरीनं वर्तुळ घ्या आणि दहा शिरा नुसत्या हातानं. पाचाच्या खुणा कशा करायच्या ते झालंय, प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये एकेक घातली की दहा.