दोन नोंदी, एक बाई

(दृश्य : ज्वारीची शेते, गावाचा पार, उतरत्या उन्हात थांबलेली एस.टी.)

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्याला लागून असलेले परांडा व भूम हे तालुके. १९८७ साली येथे भारताच्या ग्रामीण भागातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातील प्रत्येक कर्करोगाच्या रुग्णाची नोंद ठेवण्याचे काम, सुरू झाले. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होत होती; परंतु मुंबईत रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंदणी करणाऱ्यांना त्याची माहिती तेथे मिळते. बार्शीच्या खेड्यांत ही रीत पुरेशी नव्हती, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली बाई अनेकदा रुग्णालयाची पायरी न चढताच जात असे आणि तिच्या मृत्यूचे कारण घरातल्यांनाही नीट सांगता येत नसे. म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव फिरू लागले. अंगावरून अवेळी जाते का, कुठे गाठ आली आहे का, अशी विचारपूस ते करीत, लक्षणे समजावून सांगत आणि शंका वाटली तर त्या व्यक्तीला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास सांगत. काही वर्षांतच असे आढळले की, या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात उपचाराला येत आहेत. केवळ मोजण्यासाठी सुरू झालेले काम उपचाराचेही काम होऊन बसले होते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात विशेष मोलाची वाटते.

(दृश्य : नोंदणी कार्यालय, अर्जांचे गठ्ठे, संगणकाचा पडदा.)

या पायावर १९९९ साली शेजारच्या, आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतात हे पाहण्यासाठी, एक मोठी वैद्यकीय चाचणी उभी राहिली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे एकत्रित काम होते, डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. कस्तुरी जयंत हे त्यातील प्रमुख संशोधक. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाची या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्यात गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहिले गेले आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी उपलब्ध राहिली.

प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच करायची होती. प्रश्न होता तो पुढच्या आठ वर्षांचा. तपासणीच्या यादीत असलेली बाई पुढे कर्करोगाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत आढळली, तर ती तीच आहे हे ओळखायचे कसे?

हे ऐकायला सोपे वाटते, पण आपल्याकडच्या नावांचा विचार केला की त्यातली अडचण ध्यानात येते. तपासणीच्या दिवशी ‘लक्ष्मी’ म्हणून लिहिलेली बाई रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘लक्ष्मीबाई’ असते आणि मृत्यूच्या नोंदीत ‘लक्षुमी’. एका कागदावर तिच्या नावापुढे नवऱ्याचे नाव येते, तर आजारपणात ती माहेरी गेली असेल तर तेथे वडिलांचे. काही घरांत लग्नानंतर मुलीचे नावच बदलते. वय विचारले की ‘चाळीसच्या पुढे असेल’ असे उत्तर मिळते आणि लिहिणारा ४० किंवा ४५ लिहून मोकळा होतो. भर म्हणून मराठवाड्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला सहा सहा महिने गाव सोडून जातात.

अशा नोंदी जुळवण्यासाठी संगणकशास्त्रात आणि संख्याशास्त्रात एक पद्धत आहे, जिचा गणिती पाया १९६९ साली फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी घातला. तिच्यात प्रत्येक साम्याला वजन दिले जाते. ज्या गावात निम्म्या घरांचे आडनाव एकच आहे, तेथे आडनाव जुळल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. उलट एखादे दुर्मीळ नाव दोन्हीकडे सापडले, तर तेवढ्यावरून खूप काही कळते. नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, गाव आणि वय यांची वजने एकत्र करून संगणक जोड्या सुचवतो आणि मधल्या, संशयास्पद जोड्या माणसाने तपासायच्या असतात. चुकीची जोडी लागली, तर निरोगी बाईच्या नावावर कर्करोग चढतो. जोडी लागायची राहून गेली, तर एक मृत्यू हिशेबातून नाहीसा होतो. त्याहून वाईट म्हणजे, अशा चुका एकाच गटात जास्त झाल्या तर निष्फळ उपाय गुणकारी भासू लागतो. म्हणूनच जोड्या लावणाऱ्याला कोणती बाई कोणत्या गटातली हे ठाऊक नसणे इष्ट असते.

(दृश्य : प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, नंतर गावातील स्त्रियांचे चेहरे.)

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने मरण पावल्या होत्या, तर कोणतीही चाचणी न झालेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. वाढलेल्या टप्प्यातील कर्करोग एचपीव्ही गटात ३९ होते आणि चाचणी न झालेल्या गटात ८२. अन्य दोन चाचण्यांच्या गटांत मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नव्हते. एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाखामागे ३.७ इतके कमी होते. पेशींच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्यांमध्ये ते १५.५ होते.

चाचणी न झालेल्या गटातील त्या ६४ मृत्यूंवरून पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि तो रास्त होता. टाळता येण्याजोग्या आजारात तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवावे का, हा प्रश्न आकडे कितीही नेमके असले तरी त्यांच्यामुळे मिटत नाही. मात्र ते ६४ मृत्यू आज आपल्याला माहीत आहेत, ते ज्यांनी घरोघरी विचारून नोंदवले त्यांच्यामुळे.

आज जागतिक आरोग्य संघटना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही चाचणीलाच प्रथम पसंती देते. स्त्रीची ही तपासणी वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा व्हावी, असे तिच्या २०२० च्या धोरणात म्हटले आहे. म्हणजे पहिल्या तपासणीची नोंद दहा वर्षांनी हाती लागली पाहिजे. त्या दहा वर्षांत बाईचे गाव, फोन नंबर आणि कदाचित नावही बदललेले असेल. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक घेता येतो. तो तपासणीच्या दिवशी खरोखर लिहिला गेला आणि नोंदी जोडताना त्या बाईची संमती घेतली गेली, तर ‘लक्ष्मी’ आणि ‘लक्षुमी’ जुळवण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतील. तपासणी शिबिरात रांग लागलेली असताना, अर्जाच्या वरच्या कोपऱ्यातील ते चौदा चौकोन भरण्यासाठी परिचारिकेला दोन मिनिटे मिळतात की नाही, यावर सध्या ते अवलंबून आहे.