उजेड परत आला पाहिजे

(गळीत हंगामाच्या तोंडावर वाळवा तालुक्यातल्या ट्रॅक्टरचालकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, दिवे जरा घालवा. टेबलावर उसाची मोळी आहे, पाचटासकट. शेजारी लाल रिफ्लेक्टर टेपचा वीतभर तुकडा. मागच्या रांगेतल्या दादा, बॅटरी डोळ्याजवळ धरा आणि इकडे मारा. काय दिसलं? फक्त टेप. मोळी दिसलीच नाही! शेजारच्यांना तर टेपही एवढी चमकलेली दिसली नसेल, कारण ती उजेड जिथून आला तिथंच परत पाठवते. हेडलाईटमागं बसलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

आपल्याला वाटतं, फोकस टाकला की रस्ता उजळला. पण अंतर दुप्पट झालं की वस्तूवर पडणारा उजेड चौथाई होतो. डिपरवर, म्हणजे हेडलाईटच्या खालच्या झोतावर, काळपट वस्तू चाळीस-पन्नास मीटरवर आली तरच ओळखू येते, कधी त्याहूनही जवळ. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 25 मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक. डिपरची सगळी पोच तिथंच संपली. ताशी 80 असेल तर 70 मीटरच्या आसपास लागतात.

त्यात समोरून अप्पर, म्हणजे वरचा झोत, आला तर? अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो, आणि ती कमाई एका झोतात जाते. वय झालं, मोतीबिंदू असला, की डोळ्यातच उजेड पसरतो.

मी हे भोगलंय. मोटारसायकलवरून तासगावहून सांगलीला येत होतो. कवठे एकंद मागं टाकलं आणि समोरून ट्रक आला, अप्पर तसाच. तो गेला, आणि पुढं सगळं काळं. मोळीतून बाहेर आलेले ऊस हँडलला खरखरत घासले, तेव्हा कळलं की शेजारी पंक्चर झालेली ट्रॉली उभी आहे. मागं एक दिवा नाही, एक टेप नाही. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही.

म्हणून पोरांनो, हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबू नका. आतला आरसा फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. उजेडाची जागा चुकली की झोत वर उधळतो. तुम्हाला रस्ता पांढराशुभ्र, समोरच्याला काहीच नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा झोतही डावीकडे लांब आणि उजवीकडे खाली ठेवलेला असतो. ती मांडणी मोडू नका.

ट्रॉली असो, अंगद म्हणजे ट्रॅक्टरमागची छोटी गाडी असो, बैलगाडी असो, मागं लाल टेप आणि बाजूला पिवळी हवीच. मोळ्यांनी टेललाईट झाकला का, ते प्रत्येक खेपेला उतरून बघा.

टेप दाराशी ठेवली आहे, लागेल तेवढी न्या. लावण्याआधी पत्रा ओल्या फडक्यानं पुसा आणि पुरता वाळू द्या. धुळीवर लावलेली टेप चार खेपांत गळून पडते.