पाकिटं फुटण्याआधी

[दृश्य: वर्तमानपत्राच्या पानावरची छोटी चौकट, बारीक अक्षरातली ई-निविदा सूचना]

नालेसफाई असो, कचरा उचलणं असो की रस्त्याचं काँक्रीट, मुंबई महापालिकेच्या कामाची सुरुवात अशा एका चौकटीतून होते. पानावर ती शोधावी लागते.

सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम, असा आपला समज. कागदोपत्री तो बरोबरच आहे. पण मुळात दर भरायला कोणी यायचं, हे अटी-शर्तींनी आधीच ठरवलेलं असतं. वार्षिक उलाढाल किती हवी? अशाच प्रकारचं केवढं काम पूर्वी केलेलं हवं? दोघांनी मिळून निविदा भरलेली चालेल का? यातली एक अट जरा घट्ट केली की निम्मे इच्छुक घरी बसतात. मग निविदापूर्व बैठक होते, कंत्राटदार शंका काढतात आणि त्यानंतर निघतं शुद्धिपत्रक, म्हणजे मूळ निविदेत केलेल्या बदलांचा कागद. निविदेच्या त्या जाडजूड बाडात एकच कागद वाचायचा असेल, तर हा वाचा. कोणती अट सैल झाली, मुदत कितीदा वाढली, सगळं इथे सापडतं.

[दृश्य: संगणकाचा पडदा, तीन फोल्डर]

पुढचा भाग सरळ आहे. निविदा तीन पाकिटांत भरायची. 'ए' पाकिटात नोंदणीची कागदपत्रं, 'बी'मध्ये अनुभव आणि आर्थिक कुवत, 'सी'मध्ये दर. 'बी'त जो अडकला, त्याचं 'सी' उघडतच नाही. सगळा व्यवहार ऑनलाइन झाला, तरी पाकिटं अजून 'फुटतात'च.

[दृश्य: महापालिका मुख्यालय, सीएसएमटीसमोर]

मोठ्या रकमेचा प्रस्ताव मग स्थायी समितीत, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीत यायचा. सदस्य 27. इथे प्रस्ताव मंजूर व्हायचा, राखून ठेवला जायचा, नाहीतर दप्तरी दाखल, म्हणजे फाईल बंद. राखून ठेवलेल्या प्रस्तावामागे दर वेळी जनहितच असायचं, असं म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही. पण प्रश्न विचारले जायचे आणि ते इतिवृत्तात राहायचे.

7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक लांबली. आयुक्त हेच प्रशासक झाले. म्हणजे प्रस्ताव मांडणारं प्रशासन आणि त्यावर मंजुरीची सही करणारंही प्रशासनच.

नेमकं याच काळात रस्त्यांचं एक भलंमोठं कंत्राट निघालं. त्याआधी, 2021 मध्ये कंत्राटदारांनी अंदाजपत्रकापेक्षा जवळपास 30 टक्के कमी दर भरले होते. इतक्या पैशांत रस्ता टिकेल कसा, म्हणून त्या निविदा रद्द झाल्या. 2022 मध्ये पालिकेने उलटं टोक गाठलं. मोठ्याच कंपन्या हव्यात, भागीदारीत निविदा नको. प्रतिसाद इतका थंड आला की नोव्हेंबरमध्ये तीही प्रक्रिया गुंडाळली आणि फेरनिविदा काढली: सुमारे 397 किलोमीटर, 6,080 कोटी रुपये. पाच भाग, पाच कंत्राटदार. शहरासाठी एक, पूर्व उपनगरांसाठी एक, पश्चिम उपनगरांसाठी तीन.

[दृश्य: खोदलेला रस्ता, लोखंडी बॅरिकेड]

जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. त्याच महिन्यात आदित्य ठाकरे यांनी या कंत्राटात घोटाळा झाल्याचा आरोप केला. लोकनियुक्त सभागृह नसताना एवढा निर्णय कोणी घेतला, हा त्यांचा सवाल होता. प्रशासनाने आरोप फेटाळले.

शहर विभागात मात्र काम हललंच नाही. अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री या सगळ्या चाळण्यांतून उतरलेला हा कंत्राटदार. आधी नोटिसा, मग दंड, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये 1,600 कोटींहून मोठं ते कंत्राटच रद्द. वाद न्यायालयात गेला. दक्षिण मुंबईतल्या त्याच रस्त्यांसाठी पालिकेला पुन्हा निविदा मागवाव्या लागल्या, आणि तेव्हाही स्थायी समिती नव्हती. महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये.