पाणी किती डिग्री झालं?

(दृश्य: सकाळचं ऊन. खाडीकाठचं मिठागर, एकाला एक लागून वाफे.)

पेण-उरणकडचं मिठागर. भरतीचं पाणी आत घेतलं, बांधाचं तोंड बुजवलं, की पुढचं काम उन्हाचं आणि वाऱ्याचं. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सरकत राहतं, उडत राहतं, दाट होत जातं. प्रश्न एकच असतो: शेवटच्या वाफ्यात ते सोडायचं कधी?

(दृश्य: उंच नळकांड्यात वाफ्यातलं पाणी. त्यात काचेची नळी सोडली जाते. डुचमळते, स्थिरावते.)

पाणी दाट तितकी नळी वर. रेघ बघा. चोवीस.
अजून नाही.

या रेघांना बोमे डिग्री म्हणतात. आंत्वान बोमे हे अठराव्या शतकातले फ्रेंच औषधनिर्माते. साध्या पाण्यात नळी जिथपर्यंत बुडाली तिथे त्यांनी शून्य लिहिलं. मग 15 भाग मीठ आणि 85 भाग पाणी घेतलं. तिथे लिहिलं 15. मधल्या अंतराचे सारखे भाग पाडले आणि त्याच मापाने पुढे रेघा ओढत गेले. म्हणजे ही मोजपट्टी जन्मालाच आली मिठाच्या पाण्यातून.

पण पंधरा आणि पंच्याऐंशी. बेरीज शंभर. बोमेंनी शंभर भाग पाण्यात पंधरा भाग मीठ टाकलेलं नाही. वर्गात निम्मे मार्क जातात ते नेमके इथे.

(दृश्य: प्रयोगशाळा. तराजू, चंचुपात्र, बारीक मीठ.)

100 ग्रॅम पाणी. त्यात शुद्ध मीठ ढवळत राहू. साधारण 36 ग्रॅम विरघळतं, पुढचा दाणा तळाशी बसून राहतो. द्रावण संपृक्त झालं. आता सांगा, संहती, म्हणजे द्रावणात मिठाचं प्रमाण, किती टक्के?

छत्तीस? चूक. आता भांड्यात 100 ग्रॅम नाहीत, 136 आहेत. 36 भागिले 136, म्हणजे साडेसव्वीस टक्के. मीठ अंशात आहे, तसं ते छेदातही आहे. तिथलं ते दिसत नाही एवढंच.

आकारमानाचं तर आणखी गमतीचं. पाणी 100 मिलिलिटर होतं. कोरड्या मिठाच्या घन दाण्यांचं आकारमान साडेसोळा मिलिलिटरच्या आसपास. बेरीज एकशे साडेसोळा यायला हवी ना?

(दृश्य: मोजपात्रातली पातळी, अगदी जवळून.)

एकशे तेरा-चौदा! सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांभोवती पाण्याचे रेणू घट्ट गोळा होतात, आणि जागा वाचते.

म्हणूनच मोलॅरिटी (एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल; एक मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम) काढताना ‘एक लिटर पाण्यात घाला’ असं कुणी म्हणालं, तर त्याला थांबवा. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग चंबूच्या मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. लिटर द्रावणाचा हवा, पाण्याचा नाही.

आपल्या संपृक्त द्रावणाचा एक लिटर तराजूवर ठेवला, तर भरतो सुमारे 1198 ग्रॅम. त्याचे साडेसव्वीस टक्के, म्हणजे 317 ग्रॅम मीठ. सोडियमचे 23, क्लोरीनचे साडेपस्तीस, मिळून मिठाचा रेणुभार साडेअठ्ठावन्न. 317 ला त्याने भागा. 5.4 मोलर.

आणि छेदात द्रावणाऐवजी एक किलो पाणी ठेवलं? तेवढ्या पाण्यात 360 ग्रॅम मीठ. 6.15. ही झाली मोलॅलिटी. नावात एका अक्षराचा फरक, आणि बिचारी मुलं!

भांडं तेच, मीठ तेच. 36, साडेसव्वीस, 5.4, 6.15. सगळे आकडे खरे, फक्त कशाने भागलं ते सोबत लिहायला हवं.

(दृश्य: बोमेंची नळी आता या द्रावणात.)

यात नळी सोडू. चोवीस.

मिठागरातही चोवीसच होते. इथे आणखी एक दाणा विरघळायला तयार नाही, मग तिथला माणूस ‘अजून नाही’ का म्हणाला?

(दृश्य: पुन्हा मिठागर. दुपार.)

कारण नळीला वजन कळतं, मीठ कळत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, त्यात आपलं खायचं मीठ साधारण 27. बाकीच्यांत मॅग्नेशियमचे क्षार बरेच. पाणी आटतं तसं जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, आधीच खाली बसतं, पण मॅग्नेशियम पाण्यातच राहतं आणि नळीला वर ढकलतं. चोवीसमधला काही वाटा त्याचा आहे. नुसत्या डिग्रीवरून या पाण्याची मोलॅरिटी काढाल तर फसाल. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यायचा, सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायचं.

मिठागराला तेवढं नको असतं. पंचविशीला मीठ धरू लागतं. एकोणतीस-तीसच्या पुढे मात्र कडू क्षार मिठाबरोबर खाली येऊ लागतात, त्याआधी उरलेलं पाणी सोडून द्यायचं. चार-पाच डिग्रींचा खेळ.

(दृश्य: नळी पुन्हा पाण्यात. रेघ जवळून. मग वाफ्याचा पृष्ठभाग: साय धरावी तसा पांढरा, चौकोनी कणांचा पापुद्रा.)

पंचवीस. आणा फळी.